तळाची जागा

"आजच्या दिस तळ हलवू नगा." आईचा, धोंडुबाईचा, तो आवाज राजवर्धनच्या कानात अजून होता. तेव्हा तो तीन वर्षांचा, घोड्याच्या पाठीवर वाकळांत बांधलेला. मेंढरं पुढं निघाली होती आणि आई सगळ्यांच्या मागं. ती असं का म्हणाली, ते त्यानं कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती राहिली नव्हती.

साताऱ्याहून सांगलीला बदली झाली, तशी त्याची घरासाठी शोधाशोध सुरू झाली. विश्रामबाग, मिरज, माधवनगर करत आठ घरं पाहून झाली. त्याचे वडील, धुळाआबा, सोबत असायचे. चाळीस वर्षं रोज सकाळी पुढं जाऊन, चारापाणी बघून तळाची जागा ठरवणारा माणूस. पण प्रत्येक घरापाशी ते एवढंच म्हणत, "तुमास्नी पटंल ते."

नववं घर गावाबाहेर, ओढ्याकाठी होतं. राजवर्धनची बायको सोनिया जिन्यातनंच माघारी फिरली. "आवं मामंजी, शाळा लांब, बाजार लांब. हितं मेंढरंबी ऱ्हायची न्हाईत."

धुळाआबा कुंपणालगतच्या जुन्या करंजाखाली बसले होते. डोईचं पागोटं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं होतं.

"हेच घ्या," ते म्हणाले.

"पर का, आबा?" राजवर्धननं विचारलं.

ते करंजाच्या मुळाशी हात फिरवू लागले.



"हितं तुजी भैन पुरलीया, राजा. दहा दिसांची व्हती. मेंढरं उपाशी व्हती, म्हणून मी थांबलो न्हाई."