मास्टरखालचे दोन एम

कॉम्प्युटर चालू होता, पण बोलत नव्हता. इरावतीने हेडफोनची पिन काढली आणि स्पीकरला कान लावला. तिथेही काही नाही. ती जन्मांध. पडद्यावरची प्रत्येक ओळ तिला कॉम्प्युटरच वाचून दाखवायचा. काल कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीचं अपडेट टाकलं आणि आज सकाळी आवाज गेला. अकराला ऑनलाइन मुलाखत. प्रोग्राम तिथल्या तिथे लिहून दाखवायचा होता. मोबाइलवर ते जमण्यासारखं नव्हतं.

"बाबा, जरा इकडे या. पडदा वाचून दाखवा."

रामभाऊ चष्मा पुसत आले. तिने अंदाजाने कमांडची खिडकी उघडली, आवाजाच्या पट्ट्या उघडणारा एक शब्द टाइप केला.

"काय आलं?"

"कमांड... नॉट फाउंड."

"मी काय लिहिलंय? एकेक अक्षर सांगा."

"ए, एल, ए..."

"चुकलं." तिने परत टाइप केलं.

"इरा, फोन करून सांग ना त्यांना, अडचण आली म्हणून. समजून घेतील."

"समजून घेतील, बाबा. आणि दुसऱ्या कुणाला तरी घेतील."

पडद्यावर आता उभ्या पट्ट्या आल्या होत्या. रामभाऊ वाकले.

"मास्टर, हेडफोन, स्पीकर लिहिलंय. खाली चौकोन आहेत."

"चौकोनात काय आहे?"

"शून्य शून्य. सगळीकडे तेच." ते थांबले. "नाही. मास्टरच्या खाली वेगळं आहे. एम एम."

"नक्की?"

"हां. दोन एम."

मोबाइल वाजला. त्याने कंपनीचा निरोप वाचून दाखवला: सगळे जमले आहेत, आपली वाट पाहतो आहोत.

एम म्हणजे म्यूट, मुख्य आवाजच बंद होता. इरावतीने एम दाबला.

"शून्य झाले," रामभाऊ म्हणाले.

आवाज नव्हता.

"पट्टी भरलीय का?"

"नाही, पूर्ण रिकामी आहे."

ती वरचा बाण दाबत गेली. पट्टी हिरवी झाली, वर पांढरी, मग टोकाला लाल. रामभाऊ प्रत्येक रंग मोठ्याने सांगत होते, जणू ती बघत होती. तिने एस्केप दाबलं.

स्पीकरमधून एकदम बोलणं फुटलं. इतकं भरभर, शब्दावर शब्द चढलेले, की रामभाऊ दचकून मागे सरले. त्यांना एक अक्षर कळेना. रोज ती हे हेडफोनवरच ऐकायची.

"बिघडलं वाटतं," ते म्हणाले.

इरावतीची बोटं केव्हाच धावू लागली होती. तिने हेडफोन जोडला आणि खोली पुन्हा शांत झाली.

"नाही बाबा, मी असंच ऐकते," ती म्हणाली. "जाताना दार ओढून घ्या."