पाण्यातला कळस

"धरणाचा सीन काप. लोक पाठलाग बघायला येतात, राजकारण नाही," निर्माते बजावत होते. मी दिग्दर्शक. मी कापला नाही. आज धरणग्रस्तांच्या वसाहतीजवळच्या थिएटरात निर्माते आणि मी मागच्या रांगेत बसलो होतो.

हिरोची मोटरबोट खुन्यामागे सुसाट सुटली, तशी पोरं शिट्ट्या मारत खुर्च्यांवर चढली. तेवढ्यात पडद्यावर धरणाच्या पाण्यातून डोकावणारा देवळाचा कळस दिसला आणि थिएटर चिडीचूप झालं.

पुढच्या बाईनं वाकून चपला काढल्या. "आमचंबी देऊळ असंच पान्याखाली हाय," ती पुटपुटली. मग तिची रांग, मग अख्खं थिएटर अनवाणी झालं. आम्ही दोघं बघतच राहिलो.

पडद्यावर गोळी सुटली. पुन्हा शिट्ट्या सुरू झाल्या. चपला मात्र शो संपेपर्यंत कुणीच घातल्या नाहीत.