निरोपाच्या टाळ्या

निवडणूक अजून दोन वर्षं लांब होती, पण पक्षाच्या खासदारांना रोझलिन नकोशी झाली होती. त्यांनी अर्थमंत्र्याला नेता निवडलं, आणि पंतप्रधान बदलायला तेवढं पुरलं.

राजाकडे राजीनामा द्यायला ती निघाली, तेव्हा डाउनिंग स्ट्रीटवरच्या पंतप्रधान निवासात काम करणारी सगळी माणसं दुतर्फा उभी राहून टाळ्या वाजवत होती. तासाभरानं तीच माणसं, तिथंच उभी राहून, नव्या पंतप्रधानासाठी टाळ्या वाजवणार होती. रीतच होती तशी.

रांगेच्या टोकाला चहापाणी बघणाऱ्या मॉरीनबाई होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मी इथं आले त्या दिवशीही तुम्ही रडत होतात," रोझलिन हळूच म्हणाली. "मला वाटलं, मी आले म्हणून आनंद झालाय."

मॉरीनबाई ओशाळल्या. "त्याच्या तासभर आधी आम्ही जुन्या साहेबांना निरोप दिला होता, मॅडम."

रोझलिनला हसू आलं. मॉरीनबाई गडबडीनं रुमाल शोधू लागल्या, तसा तिनं त्यांचा हात धरला.

"राहू द्या, पुसू नका इतक्यात. पहिल्या दिवशी त्यालाही बरं वाटू दे."