ताईंची बदली

आईबापांचा राग लेकरांवर निघू नये म्हणून वस्तीत चालणाऱ्या केंद्राचं सरकारी अनुदान थांबलं आणि हमाल तिथलं सामान टेम्पोत भरू लागले. तेवढ्यात एक आई धापा टाकत आली आणि किंचाळणारं तान्हं बाळ तिने केंद्राच्या ताईंकडे दिलं. "धरा जरा. आज आपटलंच असतं मी ह्याला." डोकं फिरलं की ती इकडेच धाव घ्यायची. ताई खुर्चीत बसून बाळाला थोपटू लागल्या. "ताई, खुर्ची न्यायचीय," हमाल अवघडून म्हणाला. त्या उठल्या आणि उभ्यानेच थोपटत राहिल्या. बाळ झोपलं. आईने डोळे पुसले. "उद्यापासून कुठे येऊ?" ताईंनी नजर चुकवली. "माझी बदली झालीय. मार खाल्लेली मुलं आणतात ना, त्या दवाखान्यात." आईने बाळ घेतलं, त्याचं टोपडं नीट केलं आणि ती म्हणाली, "म्हणजे भेट होईलच आपली."