रेघवाले

"नक्की आहे ना आई यात?" मुलीने पुन्हा विचारलं. फोन हातात तयार होता, रेकॉर्डिंगच्या बटणावर अंगठा.

"आहे म्हणजे काय! 'अहो' म्हणालीय, चांगलं स्पष्ट," रेघवाले म्हणाले आणि तबकडीवर आलेला पांढरा थर मऊ फडक्याने टिपू लागले. काळी लाख कडेने सुटायला लागली होती. एकदा वाजेल, दुसऱ्यांदा सुईबरोबर पापुद्रेच येतील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मुलगी दोन वर्षांची असताना आई गेली. फोटो चिकार होते, आवाज कुठेच नव्हता. जगाचे आवाज जपून देणाऱ्या माणसाच्या घरात असा दिव्याखाली अंधार.

त्यांचं यंत्र अजून कोपऱ्यात होतं. लाख चढवलेली कोरी तबकडी फिरायची, तापलेली नीलम खड्याची सुई तिच्यावर टेकायची आणि एक लांब स्क्रू सुईला सावकाश मध्याकडे सरकवत न्यायचा. माइकसमोर कोणी गायलं की सुई थरथरायची आणि लाखेत तशीच थरथरती रेघ कोरली जायची. निघालेला केसासारखा दोरा एक नळी ओढून घ्यायची. खोडायची सोय नाही. कोणी शिंकलं तर ती शिंकही कायमची. म्हणून सुई खाली असताना खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा घरातला कायदा.

कोरलेली तबकडी वाजवून बघायची नाही, हा दुसरा कायदा. वाजवली की झिजते. रेघवाले भिंगाला डोळा लावून रेघ वाचायचे. इथे श्वास घेतला, इथे आवाज खाली उतरला, इथे 'स' किंवा 'श' आला म्हणून रेघेला करवतीचे दात फुटले. त्यावरून गल्लीने त्यांना हे नाव ठेवलं, आणि त्यांना ते फार आवडायचं.

ही तबकडी कोरली त्या दिवशी गवयाचं गाणं रंगात आलं होतं आणि दार उघडलं. दारात बायको, कडेवर तापाने निपचित पडलेली मुलगी. रेघवाल्यांनी झटकन वळून पाहिलं. गाणं संपेपर्यंत ती बिचारी तिथेच उभी राहिली. मग भिंगाखाली बरोबर त्या जागी रेघेला करवतीचे दात फुटलेले दिसले. तबकडी वाया गेली. गवई तोंड वाकडं करून निघून गेला. तू मध्येच 'अहो' म्हणालीस, म्हणून रेघवाले बायकोवर चिडले.

"मी बोललेच नाही हो," बायको म्हणाली.

"माणूस खोटं बोलेल, रेघ नाही बोलत."

ती मुलीला घेऊन आत गेली. लग्न झाल्यापासून तिच्या आवाजाची एक तबकडी कोरायची राहिली होती. महिन्याभराने रेघवाल्यांनी, थोडं ओशाळून, तो विषय काढला.

"नको. मी तोंड उघडलं की बिघडतं," ती म्हणाली आणि पोळपाट पुसायला लागली. पुढच्या थंडीत ती गेली. वाया गेलेल्या तबकडीची मागची बाजू कोरी होती. नव्या सुया तिच्यावर तपासता येतील म्हणून ती तेवढी घरात राहिली. नंतर रेघवाल्यांना तिचाच आधार वाटू लागला. एक 'अहो' तरी हाती राहिला, असं ते मुलीला लहानपणापासून सांगत आले.

त्यांनी सुई टेकवली. खरखर झाली, मग गवई गाऊ लागला. मुलीने श्वास रोखला. दाराची कडी वाजली आणि पाठोपाठ, अगदी जवळून, चिडका आवाज आला.

"शूऽऽ!"

गाणं क्षणभर अडखळलं आणि पुढे निघालं. दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिली. बाईमाणसाचा आवाज कुठेच आला नाही. सुईच्या टोकाशी काळे पापुद्रे गोळा झाले होते.

मुलीने फोन खाली ठेवला. "बाबा, हा तर तुमचा आवाज. आई कुठे बोलली?"

"नाही बोलली," रेघवाले म्हणाले. 'अहो'ला करवतीचे दात फुटत नाहीत, हे त्यांना त्या दिवशीही माहीत होतं.