मोकळी पिन

"चिपची वापरात नसलेली पिन मोकळी सोडू नका. ग्राउंडला जोडा. नाहीतर जवळ नुसता हात आला तरी दिवा लुकलुकतो," असं यशया सर वर्गात बजावायचे. एकदा अशी पिन राहिली म्हणून त्यांनी पोटच्या पोरीचे, आराधनाचेही पाच मार्क कापले होते.

आराधनाला माती दिली त्याला दोन महिने झाले. तिची मैत्रीण वृषाली आज बेलापूरला सरांच्या घरी आली होती. दोघींनी मिळून जोडलेला सर्किटचा ब्रेडबोर्ड टेबलावर अजून चालूच होता. आराधनाच्या आईने, रेबेका काकूंनी, त्याच्याजवळ हात नेला, तसा बारका लाल दिवा लुकलुकला.

"बघ, मी जवळ आले की पोरगी ओळख देती," काकू म्हणाल्या. "ह्यांनी लई शोधलं, पन ह्यांना बी कारण सापडलं न्हाई."

काकू डोळे पुसत चहा ठेवायला आत गेल्या. वृषालीने बोर्डावर वाकून पाहिलं आणि ती चमकली. एक पिन मोकळी होती. हीच पिन आराधनाने तिच्यादेखत काळ्या तारेने ग्राउंडला जोडली होती. ते मार्क गेल्यापासून आराधना हे एकदाही विसरली नव्हती.

"सर, इथली तार निघालीय. लावू का?" तिने हळूच विचारलं.

"राहू दे, पोरी."

सरांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि घाईघाईने शर्टाच्या खिशावर हात ठेवला. त्यांच्या बोटांमधून काळ्या तारेचं एक टोक तरीही बाहेर राहिलं.