नववा भाग

दहाव्याचा पिंड ठेवून तास झाला, तरी कावळा घाटाच्या कठड्यावरून हलेना. "आईला सांभाळीन, बाबा," मुलगा म्हणाला. कावळा ढिम्म. "दादा, तुझी पुस्तकं रद्दीत जाणार नाहीत," काका म्हणाले. कावळ्यानं जरा मान वळवली.

दहा दिवसांत टिपूसही न गाळलेली मुलगी एकदम उठली. ड्रॅगनवाल्या कादंबरीमालेचा नववा, शेवटचा भाग! कित्येक वर्षं बाबा त्याची वाट बघत होते, दर दिवाळीत लेखकाला फोन करत होते. तिनं बाबांच्याच मोबाइलवरून नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि अडचण सांगितली.

"येतोय, येतोय, दिवाळीला नक्की," लेखक सवयीनं म्हणाले. कावळा उडून लांबच्या झाडावर बसला.

"खरं सांगा," ती म्हणाली.

लेखकांचा आवाज खाली आला. "शेवट सुचतच नाहीये. सहाव्या भागापासून."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. "दादाला संशय होताच," काका हात जोडून म्हणाले.

"म्हणजे आता लिहायला नको ना?" लेखकांनी आशेनं विचारलं.

"लिहा," म्हणताना तिला हुंदका फुटला. "पहिला भाग आज वाचायला घेतेय मी."